हुकलेल्या बाणाचे गुण

द्रोणाचार्यांनी घेतलेली परीक्षा मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाला पाठ असते. झाडावर पक्षी, खाली राजपुत्रांची रांग, आणि एकट्या अर्जुनाला दिसणारा पक्ष्याचा डोळा. शाळेच्या स्नेहसंमेलनात, परीक्षेच्या आदल्या दिवशी, नोकरीच्या मुलाखतीला निघताना ही गोष्ट आपल्याला कोणी ना कोणी ऐकवलेली असते. काही वर्षांपूर्वी भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत आदिपर्वातला हा प्रसंग मी सावकाश वाचला, तेव्हा तीन गोष्टींपाशी अडखळलो.

पहिली गोष्ट, तो पक्षी जिवंत नव्हता. द्रोणांनी कारागिरांकडून भास जातीचा एक कृत्रिम पक्षी करवून घेतला आणि झाडाच्या शेंड्यावर ठेवला. म्हणजे ती शिकार नव्हती, युद्धही नव्हते. ते निशाण होते, सरावासाठी आणि परीक्षेसाठी मुद्दाम बनवलेले. दुसरी गोष्ट, अर्जुन डोळ्याचे नाव घेत नाही. त्याला पक्ष्याचे डोके दिसते, अंग दिसत नाही, एवढेच तो सांगतो. डोळा पुढे आपल्या सांगण्यात आला. लक्ष्य आपण लहान करत गेलो. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. त्या दिवशी अर्जुनाखेरीज कोणी बाण सोडलाच नाही. युधिष्ठिर, दुर्योधन, भीम आणि इतर सगळ्यांनी धनुष्य ताणले, प्रश्नाचे उत्तर दिले आणि ते बाजूला काढले गेले. त्यांचा नेम किती हुकला असता, हे कळण्याची सोयच राहिली नाही.

त्याच पर्वात या प्रसंगाच्या थोडे आधी एकलव्याची कथा आहे. त्याला तर रांगेतही उभे राहू दिले नाही. जंगलात मातीच्या मूर्तीपुढे तो एकटा शिकला. त्याचे किती बाण वाया गेले असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात त्याने सात बाण मारले तेव्हाच जगाला तो दिसला, आणि दिसताक्षणी त्याचा अंगठा मागण्यात आला.

लक्ष्यवेधाचा इतिहास म्हणजे अचूक नेमाचा इतिहास, असे आपण धरून चालतो. मला तो वेगळा दिसू लागला आहे. नेम हुकला तर त्या बाणाचे काय करायचे, या प्रश्नाला माणसांनी दिलेल्या उत्तरांचा तो इतिहास आहे. नवशिक्याला या खेळात जागा मिळाली की नाही, हे त्या उत्तरावर ठरत आले.

मैदानावरचा पहिला महिना

हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही. धनुष्याविषयी चारपाच वर्षे वाचल्यावर, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मी आमच्या जिल्ह्याच्या गावी मुलांना तिरंदाजी शिकवणाऱ्या एका प्रशिक्षकांकडे गेलो. ते माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्यांनी माझ्या हातात बांबूचे साधे, वीस पौंडांचे धनुष्य दिले. धनुष्याचा जोर पौंडांत मोजतात. दोरी पूर्ण ओढून धरायला जेवढे वजन पेलावे लागते, तेवढा त्याचा जोर. मला ते धनुष्य पोरखेळ वाटले. विसाव्या बाणाला खांदा बोलू लागला.

पहिले आठ दिवस समोर निशाण नव्हतेच. पाच पावलांवर गवताची जाड गादी आणि तिच्यावर काहीही लावलेले नाही. पाय खांद्याइतके फाकवून आडवे उभे राहायचे, बाणाची खाच दोरीत बसवायची, तीन बोटांनी दोरी ओढायची, हात दर वेळी हनुवटीच्या त्याच ठिकाणी आणायचा, आणि बोटे सैल करायची. "काका, नेम धरू नका. बाण कुठे जातो ते बघूच नका," असे मला सांगितले गेले. दोरी डाव्या हाताच्या आतल्या बाजूला दोनदा सणकून लागली आणि हात काळानिळा झाला. महाभारतातले योद्धे हातावर गोधा आणि बोटांवर अंगुलित्राण बांधतात, हे मी कितीदा वाचले होते. चामड्याची ती पट्टी कशासाठी असते, हे मला त्या संध्याकाळी कळले.

नवव्या दिवशी गादीवर रंगीत वर्तुळांचा कागद लागला आणि आठ दिवसांत जमलेले सगळे विस्कटले. मान पुढे आली, श्वास अडकला, हात हनुवटीपर्यंत येण्याआधीच बोटे सुटू लागली. सहापैकी चार बाण गवतात गेले. मी वहीत फक्त लागलेल्या दोन बाणांचे गुण लिहिले. शेजारी उभ्या असलेल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलीने वही पाहिली आणि म्हणाली, "काका, एम पण लिहायचा असतो." एम म्हणजे मिस. "नाही लिहिला तर पुढच्या आठवड्यात कळणार कसं?"

द्रोणांच्या परीक्षेत ज्याला जागा नव्हती, तो हुकलेला बाण इथे वहीत लिहिला जात होता. ही वही कुठून आली, याचा शोध घ्यायचे मी ठरवले.

दोरी, कबुतर आणि लाकडी पोपट

पहिला धागा ग्रीसमध्ये मिळतो. होमरच्या 'इलियड'मधल्या तेविसाव्या सर्गात पेट्रोक्लसच्या अंत्यविधीनंतर खेळ होतात. त्यांत तिरंदाजीही आहे. गलबताची डोलकाठी रोवून तिच्या टोकाला पायात दोरी बांधलेले कबुतर ठेवले जाते. बाण मारण्याआधीच अकिलीस बक्षिसे जाहीर करतो. पक्षी टिपणाऱ्याला दुधारी कुऱ्हाडी, आणि पक्षी हुकून दोरीला बाण लागला तर साध्या कुऱ्हाडी. ट्यूसरचा बाण दोरी तोडतो, पक्षी उडतो, आणि मेरिओनिस त्याला आकाशात टिपतो. ट्यूसर रिकाम्या हाताने परत जात नाही. हुकण्याला किंमत ठरवून दिल्याचा याहून जुना प्रसंग माझ्या वाचनात नाही.

युरोपात पुढे उंचावरच्या पक्ष्याचा हा खेळ शतकानुशतके टिकला. जिवंत पक्ष्याची जागा लाकडी पोपटाने घेतली. इंग्रजीत पोपटाला 'पॉपिंजे' असा जुना शब्द आहे आणि खेळालाही तेच नाव. स्कॉटलंडमधल्या किलविनिंग गावात मठाच्या मनोऱ्याबाहेर खांबावर लाकडी पक्षी लावून खालून सरळ वर बाण मारतात. तिथल्या नोंदी १६८८ पासूनच्या आहेत. गावची परंपरा मात्र सुरुवात १४८३ पर्यंत मागे नेते. १९०० च्या पॅरिस आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्येही उंच खांबावरचे पक्षी पाडण्याच्या स्पर्धा होत्या.

द्रोणांचा भास आणि किलविनिंगचा पोपट यांचा एकमेकांशी संबंध असल्याचा पुरावा नाही, आणि तो जोडण्याचा मोह मी टाळतो. उंचावरचा पक्षी हे शिकारी माणसाला कुठेही सुचेल असे निशाण आहे. साम्य दुसरेच आहे. पक्षी पडतो किंवा पडत नाही. एक जिंकतो, बाकीचे नुसते प्रेक्षक होतात. असा खेळ जत्रेत रंगतो, पण त्यातून शिकता येत नाही, कारण काल किती हुकलो आणि आज किती, हे पक्षी सांगत नाही.

एकाच वर्षाच्या दोन गोष्टी

इंग्लंडात तिरंदाजी ही आधी हौस नव्हती, सक्ती होती. १३६३ मध्ये तिसऱ्या एडवर्डने फर्मान काढले की सणासुदीच्या दिवशी धडधाकट पुरुषांनी चेंडूचे खेळ सोडून धनुष्याचा सराव करावा. आठव्या हेन्रीच्या काळात १५४१-४२ च्या कायद्याने सात ते सतरा वर्षांच्या मुलाला बापाने धनुष्य आणि दोन बाण द्यावेत असे ठरवले. चोवीस वर्षांवरच्या पुरुषाने हलक्या बाणांनी २२० यार्डांच्या, म्हणजे सुमारे २०० मीटरच्या, आतल्या खुणेवर सराव करायचा नाही, असेही त्यात होते. राज्याला नेमबाज नको होते. दूरवर बाणांचा वर्षाव करणारे खांदे हवे होते.

ते खांदे कसे होते, याचा पुरावा समुद्राने जपला. १९ जुलै १५४५ रोजी हेन्रीचे 'मेरी रोझ' हे लढाऊ जहाज पोर्ट्समथजवळ बुडाले. १९८२ मध्ये त्याचा सांगाडा वर काढला गेला. अवशेषांत १३७ अखंड धनुष्ये आणि साडेतीन हजारांच्या आसपास बाण मिळाले. यू झाडाच्या लाकडाची ती धनुष्ये अभ्यासकांच्या अंदाजानुसार शंभर पौंडांहून अधिक जोराची होती, काही तर दीडशेच्याही पुढची. माझ्या वीस पौंडांच्या बांबूला बोलू लागलेला खांदा मला इथे आठवला. असे धनुष्य पेलायला लहानपणापासून तयारी लागते. बंदूक काही आठवड्यांत शिकवता येते. १५९५ मध्ये इंग्लंडच्या प्रिव्ही कौन्सिलने लष्करी तुकड्यांतल्या धनुष्यांच्या जागी बंदुका आणण्याचा आदेश दिला, तेव्हा युद्धातले धनुष्य संपले.

पण 'मेरी रोझ' बुडाले त्याच १५४५ साली धनुष्याला दुसरे आयुष्य देणारे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. केंब्रिजचा विद्वान रॉजर अ‍ॅस्कम याचे 'टॉक्सोफिलस' हे तिरंदाजीवरचे पहिले इंग्रजी पुस्तक. टॉक्सोफिलस म्हणजे धनुष्याचा प्रेमी, आणि फिलोलोगस म्हणजे शब्दांचा प्रेमी, असा हा दोन मित्रांचा संवाद आहे. पुस्तक हेन्रीला अर्पण केले आणि अ‍ॅस्कमला वर्षाला दहा पौंडांची वृत्ती मिळाली. पुढे तो राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झाला.

हा माणूस सैनिक नव्हता, म्हणूनच नवशिक्याला तो कामाचा ठरला. त्याने बाण सोडण्याच्या क्रियेचे पाच भाग केले: उभे राहणे, बाण दोरीत लावणे, ओढणे, धरणे आणि सोडणे. आमच्या मैदानावर मला जे शिकवले गेले ते हेच, याच क्रमाने. 'धरणे' फार लांबू देऊ नये असे तो बजावतो. नवव्या दिवशी माझी बोटे लवकर सुटत होती. हात स्थिर होतो न होतो एवढाच तो क्षण असतो आणि तोच सर्वांत अवघड. अ‍ॅस्कम चुकांची यादीही देतो. कोणी तोंड वेडेवाकडे करतो, कोणी डोळे मिचकावतो, कोणी बाण सुटल्यावर त्याच्यामागे धावल्यासारखा पुढे झेपावतो. आपण हसतो आणि लगेच स्वतःला ओळखतो.

वाऱ्याविषयीचे त्याचे एक निरीक्षण मला फार आवडते. यॉर्कशायरमधून घोड्यावर जाताना गोठलेल्या बर्फावरून भुरभुरीत बर्फ वाऱ्याने वाहत होते. त्यामुळे एरवी न दिसणारा वारा त्याला डोळ्यांनी दिसला. एक पट्टा वेगाने जाणारा, शेजारचा संथ, तिसरा थबकलेला. हुकलेल्या बाणाचा दोष दर वेळी हाताचा नसतो, हे त्याने असे पाहून जाणले.

शिंगाचा चमचा

युद्धातून धनुष्य गेल्यावर उरली ती निशाणे. १६७३ मध्ये यॉर्कशायरच्या स्कॉर्टन गावात चांदीच्या बाणासाठी स्पर्धा सुरू झाली, आणि ती अजून होते. अंतर शंभर यार्ड. मधल्या छोट्या काळ्या ठिपक्याला जो पहिल्यांदा बाण लावेल तो कॅप्टन, त्याला चांदीचा बाण. शिवी दिली तर एक शिलिंग दंड. याच स्पर्धेत आणखी एक बक्षीस आहे. सर्वांत बाहेरच्या पांढऱ्या कडेला जो शेवटचा बाण लावतो, त्याला शिंगाचा चमचा मिळतो. थट्टा त्यात आहेच. पण कडेला का होईना, तुझा बाण आम्ही पाहिला, असेही त्या चमच्यात आहे.

पुढचा टप्पा एका आजारी कारकुनी छातीमुळे आला. सर अ‍ॅश्टन लीव्हर यांचे लंडनमध्ये पशुपक्ष्यांचे आणि दुर्मीळ वस्तूंचे संग्रहालय होते. त्यांचे सहकारी थॉमस वेअरिंग दिवसभर मेजावर वाकून लिहीत. मेजाची कडा छातीला टेकून टेकून त्यांना छाती दाबल्यासारखे वाटू लागले आणि औषधांनी गुण येईना. त्यांनी धनुष्य हाती घेतले आणि बरे वाटल्याचे श्रेय त्यालाच दिले. ते पाहून लीव्हरही मैदानात आले आणि १७८१ मध्ये टॉक्सोफिलाइट सोसायटी स्थापन झाली. ना शिकार, ना लढाई. एक मेजावरचा माणूस छाती मोकळी करायला आला, आणि आधुनिक लक्ष्यवेध सुरू झाला. १७८७ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल ब्रिटिश बोमेन या संस्थेने स्त्रियांनाही सभासद करून घेतले.

त्याच वर्षी प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, टॉक्सोफिलाइट सोसायटीचा आश्रयदाता झाला. त्याच्या नावाने अंतरे आणि गुण ठरले. अंतरे १००, ८० आणि ६० यार्ड. निशाणाचा व्यास चार फूट आणि त्यावर पाच पट्टे. मधला सोनेरी ९ गुणांचा, मग तांबडा ७, आतला पांढरा ५, काळा ३ आणि बाहेरचा पांढरा १. आतल्या पांढऱ्याचा पुढे निळा झाला. आज कुठल्याही मैदानावर दिसणारा रंगीत कागद हा त्याचाच वंशज आहे.

माझ्या दृष्टीने या इतिहासातला खरा शोध हा आहे. पक्ष्याने 'लागला की नाही' एवढेच विचारले होते. वर्तुळे विचारतात, 'किती जवळ?' कडेवरच्या पांढऱ्याला एक गुण मिळाला आणि नवशिक्या हिशेबात आला. आज अकरा गुण, पुढच्या आठवड्यात सतरा. दोन्ही संख्या मामुली, पण त्यांच्यामधल्या फरकाला शिकणे म्हणतात.

त्रेचाळीस बाण

१८४४ मध्ये यॉर्क शहरात पहिला राष्ट्रीय तिरंदाजी मेळावा भरला आणि 'यॉर्क राउंड' रूढ झाला: शंभर यार्डांवरून ७२ बाण, ऐंशीवरून ४८ आणि साठवरून २४. पुढच्याच वर्षी होरेस फोर्ड नावाच्या तरुणाने धनुष्य हाती घेतले. १८४९ ते १८५९ अशी सलग अकरा वर्षे तो विजेता होता. बाण कानापर्यंत ओढण्याची जुनी रीत त्याने सोडली. बाणाचे शेपूट बरोबर डोळ्याच्या खाली आले पाहिजे, म्हणजे बाण डावीउजवीकडे जात नाही, हे त्याने तर्काने मांडले आणि १८५६ मध्ये पुस्तकात लिहिले. शंभर पौंडांच्या युद्धधनुष्यासाठी घडलेली सवय खेळात अडथळा आहे, हे त्याने ओळखले होते.

१८५७ मध्ये चेल्टनहॅमला त्याने दोन यॉर्क राउंड मिळून १२५१ गुण केले. त्या काळात हा आकडा अजोड होता. नोंद पाहिली तर २८८ बाणांपैकी २४५ निशाणाला लागले होते. म्हणजे त्या शतकातल्या सर्वांत गाजलेल्या कामगिरीत ४३ बाण निशाणाला शिवलेही नाहीत. लागलेल्या बाणांची सरासरी पाच गुणांच्या जरा वर, म्हणजे सोनेरीत नाही, तांबड्यातही नाही, मधल्या पट्ट्यात. मी ही बेरीज-वजाबाकी तीनदा करून पाहिली. मग माझ्या वहीतल्या 'एम'कडे जरा मवाळ नजरेने पाहता आले.

१९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या स्पर्धेत पंचवीस जणी होत्या, सगळ्या ब्रिटिश. पहिल्या दिवसाअखेर लॉटी डॉड पुढे होती. ही विंबल्डन टेनिसची माजी विजेती. दुसऱ्या दिवशी क्वीनी न्यूऑलने तिला मागे टाकले, ६८८ विरुद्ध ६४२. न्यूऑल तेव्हा ५३ वर्षांची होती. ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी सर्वांत वयस्क स्त्री म्हणून तिचे नाव आजही घेतात. वयाच्या बावन्नाव्या वर्षी धनुष्य धरलेल्या माणसाला हा तपशील का लक्षात राहिला, हे सांगायला नको.

बांबूकडे परत

आपल्याकडे सातपुड्यातल्या भिल्लांच्या हाती तीरकमठा अगदी अलीकडेपर्यंत रोजच्या वापरात होता. तिथे मूल कागदावर शिकत नसे, रानात शिकत असे. पण रानातल्या कौशल्याची नोंद कोण ठेवणार? एकलव्याची गोष्ट इथे जुनी होत नाही. राजस्थानातल्या उदयपूरकडच्या अहारी जमातीतला लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर वाढला. १९८७ च्या सरकारी शोधमोहिमेत तो निवडला गेला आणि दुसऱ्याच वर्षी सेऊल ऑलिंपिकमध्ये उतरला. १९९२ मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत ३० मीटरवर त्याने ३६० पैकी ३५७ गुण मिळवून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. विक्रमातही तीन गुणांची चूक मोजलेली आहे, आणि ती मोजली गेली म्हणूनच तो विक्रम आहे. मोजणारा माणूस आणि रंगीत कागद त्याच्यापर्यंत पोहोचले. त्याच्याआधीच्या किती पिढ्यांपर्यंत ते पोहोचले नव्हते, याचा आकडा कुठल्याही वहीत नाही.

इंडियन राउंड या आपल्या प्रकारात साध्या धनुष्याने ५० आणि ३० मीटरवरून बाण मारतात. महागडे साहित्य नसलेल्या मुलांना हाच दरवाजा परवडतो. नव्याने सुरू करणाऱ्याला मी इतकेच सांगेन. हलके धनुष्य घ्या, हातावर पट्टी बांधा, पहिले आठ दिवस निशाण लावू नका, आणि लावाल त्या दिवसापासून वही ठेवा. मैदानावर एक नियम फार चांगला आहे. सगळ्यांचे बाण सुटेपर्यंत कोणी पुढे जायचे नाही. मग सगळे मिळून निशाणापाशी जातात, आणि ज्याचे बाण गवतात गेले असतील ते शोधायला बाकीचेही मदत करतात.

अंगठा गेल्यावर एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण मारू लागला, पण त्याचा पूर्वीचा वेग राहिला नाही, असे महाभारत सांगते. आमच्या मैदानावर मला दोरी तीन बोटांनी ओढायला शिकवले गेले. अंगठा दोरीला लागतच नाही. मागच्या रविवारी तीस मीटरवरून मी छत्तीस बाण मारले. वहीत नऊ 'एम' आहेत. ती मुलगी आता पन्नास मीटरवरून मारते. जाता जाता तिने वही पाहिली आणि म्हणाली, "काका, मागच्या वेळी चौदा होते."